पार्लरताई आणि चौसष्ट तारा

मेंदूच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना पार्लरताई म्हणत. बावीस वर्षं बायकांचे केस कापून गुडघे बोलायला लागले, तेव्हा पार्लर सुनेच्या हवाली करून त्या इथे आल्या. मेंदूबद्दल काय माहिती आहे, असं डॉक्टरीणबाईंनी मुलाखतीत विचारलं होतं. "आतलं काही ठाऊक नाही. वरून मात्र हजारो डोकी हाताळलीत." नोकरी तिथेच पक्की झाली.

काम बसून करायचं होतं. डोक्यावर टोपी चढवायची, केस बाजूला सारून चौसष्ट तारांची टोकं त्वचेला टेकवायची. समोरचा माणूस नवे शब्द शिकू लागला की त्याच्या मेंदूतल्या लहरींच्या पडद्यावरच्या रेषा हळूहळू बदलत. ते बघताना ताई जेवण विसरायच्या.

एकदा पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंना तिथे आणलं. अपघातानंतर आठ महिने त्यांचे डोळे उघडे होते, पण हाक मारली तरी पापणीसुद्धा हलत नव्हती. "मी उजवी मूठ वळतेय असं मनात आणा," असं सांगायचं, मग "थांबा" म्हणायचं. समजत असेल तर रेषा तसतशा बदलतात. दुसऱ्या रुग्णालयात हीच तपासणी दोनदा झाली होती. हाती काही लागलं नव्हतं.

ताईंनी त्या बाईंची मान उचलून डोक्याच्या मागे पाहिलं. उशीला घासून केस गुंतून त्यांचा पार नमद्यासारखा घट्ट थर झाला होता. तारा त्वचेपर्यंत पोचणार कशा? सोबत आलेला त्यांचा नवरा म्हणाला, कापून टाका.

"त्यांना विचारल्याशिवाय नाही कापणार," ताई म्हणाल्या आणि कंगवा घेऊन बसल्या. अडीच तास एकेक बट सोडवत होत्या. तोंडही चालूच होतं: सुनेचा वेंधळेपणा, स्वतःला पाण्याची वाटणारी भीती, सगळं त्या बाईंना सांगून झालं.

मग तपासणी सुरू झाली. मूठ म्हटलं की रेषा बदलली, थांबा म्हटलं की पूर्ववत झाली. डॉक्टरीणबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, सूचनांचा क्रम बदलला, यंत्र तपासलं. उत्तर तेच.

"आपण बोलतो ते त्यांना समजतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

तो आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम. ताईंनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. आठ महिन्यांच्या बातम्या साठल्या होत्या, सुरुवात कुठून करावी ते त्याला सुचेना. शेवटी बायकोचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "अगं, शेजारच्यांच्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत. त्यातलं एक आपल्या घरात मुक्कामाला आहे, आणि तुझ्या चपलांचा फडशा पाडलाय त्यानं."