कोंबड्याचं टेबल

पोकरचं टेबल कसं निवडायचं, हे मी कोगनोळीच्या नाक्यापलीकडं एका चहाच्या टपरीवर शिकलो. हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आता ते पोकरचं ॲप बंद झालंय आणि मी कुणाला खेळ शिकवायला बसलेलो नाही. पण तिथं माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायची आहे.

त्या वर्षी ते ॲप कर्नाटकात उघडत नसे. निपाणीत फोनवर टेबलांच्या यादीला कुलूप दिसायचं. नाका ओलांडून थोडं पुढं गेलं की महाराष्ट्र लागायचा आणि कुलूप जायचं. कॉलेज सुटलं की मी आणि माझा मित्र बसनं तिकडं जायचो. तो चिकोडीकडच्या जैन व्यापाऱ्याचा मुलगा. दिवस मावळायच्या आत त्याला घरी जेवायचं असायचं, म्हणून आमचं खेळणं दुपारचंच.

माझ्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. आई-वडील दोघंही तंबाखूच्या वखारीत. पहिल्या वर्षी ऑफिसातले सगळे फॉर्म कन्नडमध्ये होते. मित्रानंच ते माझ्यासाठी भरले, वर्गात बाकावर जागा धरली. त्याच्याशिवाय कॉलेजात माझं असं कुणी नव्हतं.

आम्ही सगळ्यात लहान टेबलांवर खेळायचो. दोन चहांच्या पैशांत तासभर बसता यायचं. मित्रानं मला आधी नुसतं बघायला शिकवलं. ज्या टेबलावर सगळेच हातातले दोन पत्ते न टाकता पुढं जातात, ते चांगलं. जिथं दोघं एकमेकांविरुद्ध कधी पैज वाढवत नाहीत, ते आतून मिळालेले; तिथून उठायचं. माझा एक नियम मी स्वतः काढला होता. प्रत्येकाला आपल्या पाळीत वीस सेकंद मिळतात. ज्याचं घड्याळ सारखं संपतं, त्याचं लक्ष दुसरीकडं असतं. अशा माणसाच्या टेबलावर बसायचं.

टपरीवरच्या बाकाची एक रीत होती. टेबल निवडलं की त्याचा नंबर मोठ्यानं सांगायचा, म्हणजे बाकावरचे दोघं एकाच टेबलावर यायचे नाहीत. शेजारी बसून एकमेकांचे पत्ते बघितले तर लांबचा कुणी तिसरा लुबाडला जाणार. ही रीत मला फार आवडायची.

एका टेबलावर मला कोंबड्याचं चित्र लावलेला खेळाडू सापडला. दर थोड्या वेळानं त्याचं घड्याळ संपायचं. मी खूश होऊन बसलो. पण हळूहळू ध्यानात आलं, माझ्या हातात एक्क्यांची जोड आली की कोंबडा पत्ते टाकतो. काहीच नसताना मी पैज वाढवली की तो हटकून पत्ते न टाकता खेळत राहतो. मी टेबल बदललं, नवा नंबर सांगितला. पाच मिनिटांत कोंबडा तिथं हजर.

माझे पत्ते कुणाला दिसत होते? माझ्या कोपराशी बसलेल्या एकालाच.

मला ते खरं वाटायला नको होतं, म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. कोंबड्याची पाळी येताना मी हाक मारली, "आप्पा, ह्याला एक च्या द्या."

टपरीवाल्या आप्पांनी पातेलं उचललं, ग्लास भरला, आणून दिला. ग्लास इतका गरम, की मित्रानं फोन मांडीवर ठेवून तो दोन्ही हातांत रुमालानं धरला. माझ्या स्क्रीनवर कोंबड्याचं घड्याळ विसावरून शून्यावर आलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

"आज बी च्या? लॉटरी लागली काय रं?" मित्र हसून म्हणाला.

मी हसलो नाही. "कोंबडा तूच हाईस न्हवं?"

"कसला कोंबडा?"

"फोन दाव."

 मग अर्धा चहा तसाच ठेवून त्यानं फोन खिशात घातला.

"काल इचारला असतास तर दावला असता. दोन दीस च्या पाजून बघत बसलास व्हय माझ्याकडं?"

निपाणीची बस आली, तो चढून गेला. तो निघून गेला याचा अर्थ तो दोषी, असंच मी त्या दुपारी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात आला नाही. मी एकटाच टपरीवर गेलो. नंबर सांगितला आणि कोंबडा आला. मित्र शेजारी नसताना याला माझे पत्ते कसे दिसतील, असं मनाशी म्हणत मी सवयीनं चहा सांगितला. कोंबड्याचं घड्याळ पळायला लागलं.

मी मागं वळून बघितलं. बाकामागच्या चुलीशी आप्पांच्या एका हातात पातेलं होतं, दुसऱ्या हातात गाळणं. बिस्किटांच्या बरणीला टेकून त्यांचा फोन उभा होता, त्यावर हिरवं टेबल उघडं. ग्लास घेऊन ते नेहमीसारखे बाकाच्या मागून आले, माझ्या खांद्यावरून वाकले आणि म्हणाले, "घ्या, गरम हाय." बाकामागं उभं राहून त्यांना रोज माझे पत्ते दिसायचे. नंबरही त्यांना रोज ऐकू जायचे.

 आप्पांचा मला राग येत नव्हता, याचंच मला नवल वाटलं. चहा संपवला आणि ॲप काढून टाकलं.

सोमवारी मित्र वर्गात भेटला. बाकावर माझ्या जागी त्याची बॅग होती.

"आप्पा हुते," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"त्यांना किती च्या पाजलास?"

 सगळा तास मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. तास संपल्यावर त्यानं बॅग उचलून मांडीवर घेतली.

आता आम्ही शेवटच्या वर्षाला आहोत. एकत्र बसतो, कन्नडमधला फॉर्म आला तर तो भरूनही देतो. पण कुठंही मी त्याच्यासाठी चहा सांगितला की तो खिशातून फोन काढतो, स्क्रीन चालू करून माझ्यासमोर ठेवतो आणि मगच ग्लास हातात घेतो.