अक्षत घेऊन सभेला

हातीपायी धड असलेल्या माणसाला सभेला गैरहजर राहण्याचा अधिकारच नाही, असं मनापासून मानणारा एकच इसम मी आयुष्यात पाहिला, आणि तो आमच्या अभियंता संघटनेच्या नाशिक शाखेत सभासद-संपर्काचं काम बघत होता. सगळे त्यांना काका म्हणत. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले आणि आमच्या मानगुटीवर बसले. पोस्टाच्या सूचनेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "पोस्टानं कागद येतो साहेब, माणूस येत नाय," असं म्हणून गिअरच्या झिजेवरच्या व्याख्यानालासुद्धा ते घरोघर अक्षत घेऊन जात. दारात उभं राहून कुंकवाचे तांदूळ हातावर ठेवत आणि वेळ सांगत. एका नव्या सभासदाच्या आईने तर त्यांना "मुलगी कुठली केली?" असं विचारलं होतं. कोणी लागोपाठ सभा चुकवल्या, तर तो आजारीच असणार असं धरून काका पेरू घेऊन हजर. मग धडधाकट सभासदाला लाजेकाजेस्तव अंथरुणावर पडावं लागे. मीही एकदा त्यांची स्कूटर ऐकून पांघरूण ओढलं होतं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि बायकोला सांगितलं, "ताप नाय वहिनी, आळस हाय."

हे सगळं आम्हाला गमतीचं वाटे, ते त्या वर्षापर्यंत. नव्वदचं दशक सरत आलं होतं, घरोघर केबल आली होती आणि संध्याकाळी कोणी बाहेर पडायला तयार नव्हतं. मुख्य कार्यालयाने कळवलं, की यंदा वार्षिक सभेचा कोरम भरला नाही तर नाशिक शाखा बंद करून पुण्याला जोडू. सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांत उरकायची, ही आमची जुनी सोय चालणार नव्हती. डोकी मोजायला मुंबईहून निरीक्षक येणार होते. शाखा गेली तर काकांचं काय, हे बोलायची कोणाची छाती होत नव्हती. बायको गेल्यापासून शाखेशिवाय त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये काका स्कूटरवरून एकेकाला आणून सोडत होते, आणि ते पुढच्याला आणायला गेले की आधीचा चहाच्या निमित्ताने सटकत होता. शेवटी मी दाराला खुर्ची लावून बसलो. सातची मुदत. सातला वीस मिनिटं उरली तेव्हा निरीक्षकांनी डोकी मोजली आणि म्हणाले, "भरला, अगदी काठोकाठ."

मागे पाणी वाटणारे काका थांबले. "साहेब, मला मोजलंत का? मला मोजू नका. मी सभासद नाय."

म्हणजे एक डोकं कमी. सभासद व्हायला पदवी किंवा पदविका लागे, आणि काकांनी शाळाच अर्धवट सोडलेली. अध्यक्ष त्यांच्या कानाशी लागले, "काका, गप्प राहायचं होतं ना."

"आन् उद्या कोणी इचारलं तर? तुमची सभा खोटी ठरंल," असं म्हणत ते किल्ली घेऊन बाहेर पडले.

मला शाखा गेल्यातच जमा वाटली. सातला मिनिटभर उरलं तेव्हा निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढून कागद पुढे ओढला, आणि तेवढ्यात बाहेर स्कूटर वाजली. काकांच्या मागे आमचे एक सभासद बसले होते, पाय मोडून महिनाभर घरी पडलेले. प्लास्टरमधला पाय आडवा काढलेला, कुशीत उशी. "माझ्या लग्नालासुद्धा कोणी मला एवढी घाई केली नव्हती," ते कण्हत म्हणाले. काकांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि निरीक्षकांना सांगितलं, "आता मोजा."

शाखा वाचली. तिथल्या तिथे काकांना मानद सभासद करायचा ठराव कोणीतरी मांडला. काकांनी हात जोडले. "नको साहेब. सभासद झालो, तर माझ्याकडं अक्षत घेऊन कोण येनार?" सगळे हसले. मीही हसलो, पण घरी जाताना ते वाक्य टोचत राहिलं.

आता काका नाहीत आणि सभेची सूचना मोबाईलवर येते. पण शाखा वाचली त्याच्या पुढच्या वर्षी, सभेआधी, मी आणि अध्यक्ष सिडकोतल्या त्यांच्या घरी गेलो होतो. आम्हाला सवय नसल्याने कुंकू जरा जास्तच झालं होतं. मी तांदूळ त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते दुसऱ्या हाताने झाकून धरले. सभेची तारीख त्यांनीच ठरवली होती, हॉल त्यांनीच सांगून ठेवला होता. तरी त्यांनी विचारलं, "किती वाजता हाय?"