उसाच्या फडातली सभा

मी टायपिंग शिकवायची आणि रविवारी परभणीतल्या मंडळांचे कागद फुकट करून द्यायची. भजनी मंडळ असो, वाचनालय असो की तालीम. जीभ माझी तिखट, पण कागद चोख. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात आमच्या गल्लीनं रुळांपलीकडच्या वस्तीशी बोलणंच टाकलं होतं. नेमकी त्याच दिवसांत तिथल्या महिला मंडळाची अध्यक्ष माझ्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या आईच्या वयाची. मी तिला मावशी म्हणायला लागले.

त्यांची बालवाडी जुन्या जकात नाक्याच्या खोलीत भरायची. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती पोरं दिवसभर तिथंच असायची. नगरपालिकेनं कळवलं होतं, मंडळ खरंच चालतंय हे कागदावर दाखवा, नाहीतर खोली सोडा.

मी हजेरीची वही उघडली. दर सभेला अकराच्या अकरा बाया हजर!

"मावशी, यातल्या चौघी दसऱ्यापासून ऊसतोडीला गेल्यात ना?"

"व्हय. त्यांचे अंगठे मीच लावले. लेकरं त्यांची हितं हायेत, मग त्यांना गैरहजर कसं लिवावं?"

माझं डोकंच फिरलं. वही आदळून म्हणाले, "खोली तर जाईलच, वर खटला होईल."

मावशी शांतपणे म्हणाली, "मग खरं कसं करायचं ते सांगा, बाई. न्हाईतर पोरं कुठं नेऊ?"

मी वही परत उघडली. खोटे अंगठे खोडले, खाली चूक कबूल केली आणि नवी सभा फडावरच घ्यायची ठरवली. दोघी पोरांजवळ थांबल्या, त्यांना सरळ गैरहजर लिहिलं. बाकीच्यांसोबत मी एसटीत बसले.

टोळीच्या मुकादमानं कुरकुरत जेवणाच्या सुट्टीपुरती परवानगी दिली. आम्ही उसाच्या वाळल्या पाल्यावर, पाचटावर बसलो. उसानं त्या चौघींचे अंगठे इतके चिरले होते की शाई नीट उठेना. बालवाडी चालू ठेवायचा ठराव झाल्यावर मावशीनं पिशवीतून सुतळीचे तुकडे काढले. एकेका पोराच्या उंचीएवढा एकेक. एका आईनं आपला तुकडा पायापासून कमरेपर्यंत धरला. "लय वाढलं की," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

नगरपालिकेतले साहेब वही बघून हसले. "उसाच्या फडात सभा? साक्षीदार कोण?"

तोवर मी कुणाच्याच कागदावर माझं नाव येऊ दिलं नव्हतं. या कागदावर आलं, तर गल्लीत जगणं अवघड होणार होतं. मावशीला ते ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, जमिनीकडं बघत राहिली.

"मी होते," म्हणाले आणि सही केली.

खोली राहिली. पुढं गल्लीनं मला महिनोन्‌महिने हळदीकुंकवाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मी कितीदा गेले असते, देव जाणे.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मावशी हात जोडायला लागली. "लय उपकार झाले, बाई." मी तिचे हात धरून खाली केले आणि खेकसले, "गप बसा." ती माझ्या दारात आली नसती, तर मी जन्मभर त्या गल्लीइतकीच अरुंद राहिले असते.