तर्री-पोह्यांचं बोट

परवा रक्त तपासायला गेलो, दंडावर स्पिरिटचा गार बोळा फिरला, त्याचा वास आला आणि सीताबर्डीतली ती दुरुस्तीची खोली आठवली. पहिल्या वर्षी कॉलेजचा रेकॉर्डिंगचा ट्यूब माइक, आत काचेची ट्यूब असलेला नाजूक, महागडा माइक, माझ्याकडे असताना खरखरू लागला होता. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. रेकॉर्डिंग शिकवणारे सर पुन्हा हात लावू देणार नाहीत, या भीतीने मी तो गुपचूप तिथे नेला. तिथे एक म्हातारे कारागीर होते. त्यांनी केबल बदलली, ट्यूब बदलली, तरी खरखर जाईना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आत बोट लावलं होतं काय गा?" धूळ दिसली म्हणून पुसली, मी अडखळत म्हणालो. "काय खाऊन?" "तर्री-पोहे." रश्श्याचा तेलकट लाल तवंग अजून माझ्या नखांत होता. ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. "अरे, बोटाचं तेल त्याले सहन होत नाही. करंट तिथूनच झिरपून राहिला." मला वाटलं, आता ते स्वतः पुसतील, पण त्यांनी स्पिरिटचा बोळा माझ्याच हातात दिला. "तूच पूस. मी पाहून राहिलो." मी कोपरान् कोपरा सावकाश पुसत होतो, पण त्यांनी जरासुद्धा घाई केली नाही. माइक वाळवून लावला तेव्हा हेडफोनमध्ये फक्त त्यांचा संथ श्वास ऐकू आला. त्या बळावर सरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी माइक माझ्याकडेच राहू दिला. आता कामावर ज्युनिअरच्या हातून काही बिघडलं की मी आधी ती वस्तू त्याच्याकडून काढून घेतो, आणि मग माझ्याच हातात बोळा देणारे ते कारागीर किती मोठे होते ते कळतं.