न दाखवता पटवायचं

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी नातीचं काम मला समजलं. समजलं ते मोर्शीला, माझ्या मोठ्या जावेच्या अंगणात.

नात संगणकाची नोकरी करते. संत्र्याच्या बागाईतदारांनी तिच्या ब्लॉकचेनमध्ये यावं, हे तिला पटवायचं होतं. पटलं तर कंपनी तिला इकडंच काम देणार, नाहीतर परत बंगळुरू. ब्लॉकचेन म्हणजे एकच नोंद सगळ्यांच्या संगणकांवर; मागून कोणाला खोडता येत नाही. घोडं तिथंच अडलं.

"म्हंजे माया बागीत काय फवारलं ते साऱ्या गावाले दिसन?" अंगणात जमलेल्यांतले एक म्हातारे बागाईतदार म्हणाले. "काहून दाखवाचं?"

"दाखवायचं नाहीच, आबा. औषधाचा अंश मर्यादेत आहे, एवढंच सिद्ध करायचं. प्रयोगशाळेचा अहवाल तुमच्याजवळच राहील."

"अहवाल न दाखवता? जादू करते का वो पोरी?"

सगळे हसले. पोरीचं तोंड उतरलं.

ओसरीवर जेवणाची पानं मांडली होती. कैरीच्या लोणच्याच्या दोन वाट्या, एक माझ्याकडची, एक जावेची. दिसायला सारख्या. मी माझं लोणचं वासावरून ओळखते आणि जाऊ ते खोटं मानते, हे आमचं जुनं भांडण. नातीनं तेच उचललं. जावेला म्हणाली, "मोठ्या आजी, एक वाटी दाखवा. मग पाठीमागं बदला, नाहीतर बदलू नका. पुन्हा दाखवा."

जाऊ खूश. वाटी माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "सांग, बदलली का तेच हाय?"

"तेच."

"असंच लागलं असन!"

पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. ती चिडून हात मागं नेई, मी सांगे, बायका टाळ्या पिटत. शेवटी तीच म्हणाली, "वळखते बापा. पण टाकते काय त्यात?"

"ते नाही सांगत."

"पाहा," नात म्हणाली, "पटलं, पण कळलं काहीच नाही."

आबा हट्टी. "अन् हजार पेट्यांसाठी असंच करत बसाचं?"

"संगणक करतो. एरवी प्रत्येक संगणक प्रत्येक नोंद तपासतो, म्हणून काम रेंगाळतं. इथं हजार पेट्यांचा मिळून एकच लहानसा पुरावा होतो. बाकीचे तेवढाच तपासतात, क्षणात."

मी मध्येच बोलले, "शितावरून भाताची परीक्षा."

"नाही गं आजी. शितानं बाकीचा भात कच्चा राहिला तर कळत नाही. इथं एक पेटी खोटी असली तरी पुरावा जुळतच नाही."

बरोबर होतं तिचं.

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग माया बागीपासून सुरू कर. पण माये फवारे त्या शेजाऱ्याले दिसले तं पाह्य!"

शेजारी समोरच बसला होता. "मले कायले पाहाचे हायेत तुमचे फवारे?" सारं अंगण हसलं.

नात पान सोडून लॅपटॉप उघडू लागली. मी म्हटलं, "आधी जेव. नोकरी कुठं पळून नाही चालली आता."