एकाच मिनिटाला दोन अक्षती

आमच्या बाबांची शेती मुरबाडकडच्या एका गावात, पण कान कायम रेडिओला. अमेरिका काय म्हणाली, रशियात काय पडझड झाली, हे त्यांना शेजारच्या भांडणाइतकं ठाऊक. "धाकट्या देशानं कुनाच्याच दावनीला नाय जायचं," असं ते भात झोडतानाही सांगत. आई म्हणायची, "आधी भात झोडा."

गावात तेव्हा दोन गट होते. वरची आळी सरपंचाची, खालची आळी त्याच्यासमोर निवडणूक हरलेल्याची. बाबा दोघांकडे चहा प्यायचे आणि मत कुणालाच सांगायचे नाहीत. याला ते अलिप्तता म्हणायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग आसनगावला माझं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाचा मांडव गाव घालतं आणि हळदीची गाणी गावच्या बाया म्हणतात. गाव आलं नाही तर लग्न उघडं पडतं. त्यात पहिली अक्षत कुणाच्या दारात गेली, त्यावरून आपण कुणाचे ते ठरायचं. बाबांनी आपल्या रेडिओच्या डोक्यानं तोड काढली. काकांचं घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी जुळवलं. काका वरच्या आळीत गेले, बाबा खालच्या, आणि एकाच मिनिटाला दोन्ही दारांत अक्षत दिली. "आता कोन पयला नाय नि कोन दुसरा नाय," बाबा घरी येऊन आईला म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत घड्याळांची गोष्ट गावभर झाली. वरच्या आळीला वाटलं, आपल्याला त्या लोकांच्या बरोबरीला बसवलं. खालच्या आळीलाही नेमकं तेच वाटलं. मांडवाच्या दिवशी ना वरून कुणी आलं, ना खालून. बाबा आणि काका दोघंच बांबू पुरत राहिले. हळदीला मी पाटावर बसले तेव्हा गायला एकटी आई. ओळ झेलायला कुणी नव्हतं, म्हणून पहिली ओळ ती म्हणायची आणि पुढचीही तीच. आवाज बसला तरी थांबली नाही. मी रडले ते सासरी जायचं म्हणून नाही.

पुढे जमिनींना भाव आला. बिल्डर फिरकू लागले तसे दोन्ही गट एकाच जीपमध्ये बसू लागले, आणि शेवटी सोयरेच झाले. त्या लग्नाला मी माहेरी आले होते. मांडव घालायला अख्खं गाव लोटलं. बाबाही गेले, बांबू धरून आले आणि ओटीवर माझ्याजवळ बसले.

"माझं कुठं चुकलं गो?" त्यांनी विचारलं. "दोघांपासून सारखंच अंतर ठेवलं व्हतं मी."

इतकी वर्षं गिळलेला राग वर आला. म्हटलं, "बाबा, मला अंतर नको होतं. मला गाणाऱ्या बाया पायजे होत्या."

बातम्यांची वेळ झाली तरी बाबांनी रेडिओ लावला नाही. खालच्या आळीतून हळदीची गाणी ऐकू येत होती. त्यात आईचा आवाज होता, आणि तिची ओळ गावातल्या साऱ्या बाया झेलत होत्या.