दिवसा बंद असलेलं दार

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीचा इंटरनेट रेडिओ लॉकडाऊनमध्ये सुरू झाला. कुणाला औषध हवंय, भाजीवाला कधी येणार, एवढंच सांगायला. लॉकडाऊन संपला, पण बोलायची चटक सुटली नाही. मंडळाची खोली स्टुडिओ झाली आणि आम्ही सगळे बिनपगारी निवेदक.

त्यात शेवंतीमावशी परब अव्वल. नवरा गेलेला, मुलगा बंगळुरूला. दुपारचा 'गजाली'चा, म्हणजे गप्पांचा, तास हाच तिचा जीव. मासे, माणसं, मानपान, मालवणीत काहीही चालायचं.

यंदा सुशांतने, म्हणजे आमच्या तांत्रिक प्रमुखाने, खोलीला आवाज अडवणारं जाडजूड दार बसवलं. इथेच घोळ झाला. आमच्या चाळीत दिवसा दार लावत नाहीत. लावलंच तर आत कुणीतरी आजारी, नाहीतर भांडण. त्यामुळे मावशी आत बसली, की येणारा-जाणारा दार ठोठावून डोकं आत घालणारच.

"शेवंती, बरी आसस मां गो?"

"बरी आसंय! तुझो गुडघो कसो आसा?" मावशी माईकवरूनच ओरडायची.

ती ठकठक रेडिओवर सगळ्यांना ऐकू जायची. सुशांत वैतागला. "मावशी, असं नाही चालणार हां. सोमवारपासून तुझा स्लॉट बंद. गाणी लावू."

मला सुशांतच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

शेवटच्या दिवशी मावशी घरोघरी फिरून सांगून आली, आज दार वाजवू नका. निदान शेवट तरी नीट व्हावा. खरंच कुणी वाजवलं नाही. मावशी एकटीच बोलत राहिली, आणि सुशांतचा फोन किणकिणायला लागला. बदलापूर, नालासोपारा, दुबई; चाळ सोडून गेलेले सगळे एकच विचारत होते, "आज दार कसं वाजलं नाही? चाळीत कोण गेलं?"

बदलापूरचे राजाराम काका तर फोनवर रडतच होते. "अरे, त्या ठोठावण्यावरून मला कळतं, कोण कोण अजून आहे ते."

सुशांतने फोन माईकला लावला. मावशी गरजली, "कोण मेलो नाय! सगळे जिते आसत!" आणि खोलीवार नावं घ्यायला लागली.

कार्यक्रम संपल्यावर सुशांतने हळूच विचारलं, "सोमवारी येशील ना?"

"येतंय. पण दार वाजवा म्हणान सगळ्यांका सांगूक आता तू फिर."

सुशांत फिरला. प्रत्येक घरी त्याला चहा मिळाला, आणि चहाआधी प्रत्येकाने विचारलं, "शेवंतीचो कार्यक्रम बंद करणारो तोच मां तू?"